नातेसंबंधांचे नाट्य आणि संबोधनाची भाषा
(फ्रेंच व मराठी चित्रपटांच्या आधारे)

४.१ प्रास्ताविक

सिंधुदुर्गनगरी येथील एका संपर्कसत्रात आम्ही सेलीन सियामा दिग्दर्शित 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर' (२०१९) या फ्रेंच चित्रपटाची चर्चा करीत होतो. बहुतेकांनी तो इंग्रजी सबटायटल्सच्या आधारे पाहिला होता. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, या दोघी एकमेकींच्या जवळ आल्या हे प्रसंगांवरून कळले, पण संवादांतून ते कुठे दिसते? बोलणे तर आरंभी होते तसेच शेवटीही आहे."

तिचे निरीक्षण चुकीचे नव्हते. तिने वाचलेल्या इंग्रजी संवादांत काहीच बदलले नव्हते. मूळ फ्रेंच संवादांत मात्र अगदी अखेरीस एक मोठा बदल होतो. तो इंग्रजीत दाखवता येत नाही. मराठीत मात्र सहज दाखवता येतो. हा बदल कोणता आणि नातेसंबंधांवरील चित्रपट समजून घेण्यासाठी तो का महत्त्वाचा आहे, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

४.२ अधिकार आणि जवळीक

फ्रेंच भाषेत समोरच्या एका व्यक्तीला उद्देशून दोन सर्वनामे वापरता येतात : 'त्यू' आणि 'वू'. स्थूलमानाने ती आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' यांच्यासारखी आहेत. इंग्रजीतही पूर्वी असा भेद होता. परंतु तेथील एकेरी रूप प्रमाण व्यवहारातून लोपले आणि 'यू' हे एकच रूप सर्वांसाठी उरले. म्हणून फ्रेंच संवाद इंग्रजीत आला की हा भेद पुसला जातो.

रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा सर्वनामांमागील दोन तत्त्वे मांडली : अधिकार आणि जवळीक. अधिकाराच्या नात्यात संबोधन विषम असते. वरचा खालच्याला 'तू' म्हणतो, खालचा वरच्याला 'तुम्ही' म्हणतो. जवळिकीच्या नात्यात ते सम असते. दोघेही परस्परांना 'तू' म्हणतात. नाते दूरचे असेल तर दोघेही 'तुम्ही' म्हणतात.

ही तत्त्वे आपल्या घरात लावून पाहा. परंपरेने आपण वडिलांना 'तुम्ही' म्हणतो आणि आईला 'तू'. आई वयाने आणि मानाने मोठीच असते. तरीही तेथे जवळीक अधिकारावर मात करते. विठ्ठलालाही आपण एकेरीच हाक मारतो. पारंपरिक पती-पत्नींमध्ये मात्र एका बाजूने 'अगं' आणि दुसऱ्या बाजूने 'अहो' अशी विषमता असते. अनेक घरांत एकाच पिढीत 'अहो बाबा'चे 'अरे बाबा' झाले. हा केवळ व्याकरणातील बदल नव्हे, घराच्या रचनेतील बदल आहे.

येथे एक सावधगिरी हवी. 'तू' म्हणजे प्रेम आणि 'तुम्ही' म्हणजे दुरावा असे सरळ समीकरण मांडता येत नाही. भांडणात माणसे 'एकेरीवर येतात'. उलट, मुलाला जन्मभर 'तू' म्हणणारी आई एखाद्या दिवशी "तुम्ही आता मोठी माणसं" असे म्हणते, तेव्हा त्या आदरार्थी रूपात केवढा दुरावा भरलेला असतो! अर्थ एकट्या रूपात नसतो. रूढ असलेले रूप कोणी, केव्हा आणि कोणासमोर बदलले, यात तो असतो. नाट्य निर्माण होते ते या बदलातून.

४.३ फ्रेंच चित्रपटांतील काही उदाहरणे

(अ) आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. सियामा यांच्या चित्रपटाचा काळ अठराव्या शतकाचा आहे. मारियान ही चित्रकार ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील एका घरी एलोईज या तरुणीचे व्यक्तिचित्र काढण्यासाठी येते. एलोईजचा विवाह ठरलेला आहे. दोघी परस्परांच्या प्रेमात पडतात. पण एकमेकींना 'वू' म्हणणे सोडत नाहीत. निरोपाच्या क्षणी मात्र एलोईज मारियानला मागे वळायला सांगते आणि तेथे क्रियापदाचे एकेरी रूप येते. मराठीत सांगायचे तर जन्मभराचे 'वळा' त्या क्षणी 'वळ' होते. ज्या क्षणी नाते संपते, त्याच क्षणी भाषा ते मान्य करते. इंग्रजी सबटायटलमध्ये हा क्षण उमटत नाही, कारण इंग्रजी आज्ञार्थाला दोन रूपेच नाहीत.

(आ) अ‍ॅलन रेने यांच्या 'हिरोशिमा मॉन अमूर' (१९५९) या चित्रपटाची पटकथा लेखिका मार्गेरीत द्युरास यांची आहे. एक फ्रेंच अभिनेत्री आणि एक जपानी वास्तुविशारद यांची ही कथा. दोघांचीही नावे आपल्याला कळत नाहीत. अखेरीस ती त्याला 'हिरोशिमा' हे नाव देते आणि तो तिला 'नव्हेर' हे तिच्या गावाचे नाव देतो. ज्या गावी ज्याला दुःख झाले, त्या गावाचेच नाव तो माणूस धारण करतो. नाव उच्चारणे ही स्वतंत्र घटना असू शकते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पतीचे नाव एरवी न घेणाऱ्या स्त्रीने उखाण्यात ते घ्यावे, यासाठी आपण सारे घर गोळा करीत आलो आहोत.

(इ) ज्युस्तीन त्रिए यांच्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' (२०२३) या चित्रपटात पत्नी जर्मन आहे, पती फ्रेंच आहे आणि दोघे आपसात इंग्रजी बोलतात. पतीच्या मृत्यूनंतर पत्नीवर खटला चालतो, तो फ्रेंचमध्ये. फ्रेंच अपुरे पडते तेव्हा तिला इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो. पती-पत्नींच्या एका भांडणाचे ध्वनिमुद्रण न्यायालयात ऐकवले जाते. त्या भांडणात कोणी कोणाची भाषा स्वीकारली हाही एक मुद्दा असतो. आपल्या जिल्ह्यातील वाचकाला हे अपरिचित वाटू नये. घरातील बोलाचाली मालवणीत होतात; त्यांचे लेखी निवेदन मात्र प्रमाण मराठीत करावे लागते. 'तुका', 'माका' या शब्दांतील ऊब किंवा धार त्या निवेदनात कितपत उतरते, याचा विचार करा.

(ई) मिशाएल हानेके यांच्या 'आमूर' (२०१२) या चित्रपटात निवृत्त संगीतशिक्षक जॉर्ज आपल्या पक्षाघात झालेल्या पत्नीची शुश्रूषा करतो. पत्नीची भूमिका एमान्युएल रिव्हा यांची आहे. 'हिरोशिमा मॉन अमूर'ची नायिकाही त्याच होत्या. हा चित्रपट पाहताना मला माझे घर आठवले. माझ्या आईने वडिलांना जन्मभर 'अहो' म्हटले. वडिलांच्या अखेरच्या आजारात एका रात्री तिने त्यांना पाणी पाजले आणि विचारले, "तुका बरा वाटता मां?" आम्ही भावंडे दाराशी उभी होतो. आम्ही ते ऐकले नाही असे दाखवले. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात जे रूप तिने आमच्यासमोर कधी वापरले नव्हते, ते शुश्रूषेने तिला दिले. तो अनादर नव्हता, हे समजायला मला भाषाशास्त्राची गरज नव्हती; का नव्हता, हे सांगायला मात्र ते उपयोगी पडले. अधिकाराचे तत्त्व त्या रात्री मागे पडले होते आणि जवळीक उरली होती.

४.४ मराठी चित्रपटांकडे पाहताना

जब्बार पटेल दिग्दर्शित 'उंबरठा' (१९८२) हा शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारित असून त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. सुलभा महाजन (स्मिता पाटील) महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घराबाहेर पडते. ती परतते तेव्हा घर तेच असते, पण तिची जागा तीच राहिलेली नसते. पत्नी, सून, आई ही तिची संबोधने कायम असतात. त्यांच्यामागचा आशय मात्र सरकलेला असतो. नाव टिकते आणि नाते विरते, ही या चित्रपटाची शोकात्मता होय.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटात नेमके उलट घडते. २०१६ या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटास मिळाला. स्वतः नैराश्याशी झुंजलेली जानकी (इरावती हर्षे) एका खचलेल्या अनोळखी तरुणाला (आलोक राजवाडे) कोकणच्या किनाऱ्यावरील आपल्या घरी आणते. तेथे कासवांच्या संवर्धनाचे काम चालू आहे. मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते. पिल्लांना वाट मोकळी करून द्यायची असते, हातात धरून ठेवायचे नसते. जानकी आणि तो तरुण यांच्या नात्याला आपल्या नातेवाचक शब्दांत तयार नाव नाही. येथे नाते आहे; नाव नाही.

४.५ सारांश

नातेसंबंधांवरील चित्रपटात घटना कमी असतात, याचा अर्थ काही घडत नाही असा नव्हे. सर्वनाम, क्रियापदाचे रूप, हाक, नाव आणि भाषेची निवड यांतून नाते हलत असते. फ्रेंच न येणाऱ्या मराठी प्रेक्षकालाही 'त्यू' आणि 'वू' हे दोन ध्वनी कानांनी टिपता येतील, कारण त्यांच्यातील अंतर त्याने घरीच शिकलेले आहे. सबटायटल्स अवश्य वाचा. पण कान बंद ठेवू नका.

स्वाध्याय

१. 'एकेरीवर येणे' आणि 'अरे-तुरे करणे' या वाक्प्रयोगांचा विचार अधिकार व जवळीक या तत्त्वांच्या आधारे करा.
२. 'उंबरठा' किंवा 'कासव' पाहताना वही जवळ ठेवा. कोण कोणाला कसे संबोधतो आणि ते कोठे बदलते, याची नोंद करून १५० शब्दांत टिपण लिहा.
३. तुमच्या घरातील तीन पिढ्यांत पती-पत्नींची परस्पर संबोधने कशी बदलली, ते लिहा. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला प्रथम विचारा.