या सफरचंदाची डाळ शिजते

एका वाचकांचा प्रश्न आलाय. इंग्लिश पाककृतीत ‘ब्रॅमली’ सफरचंद सांगितलं होतं. ते मिळालं नाही, म्हणून हिरवं ग्रॅनी स्मिथ घेतलं. दोन्ही आंबटच. तरी सॉस काही झाला नाही, पातेल्यात फोडी तशाच. असं का?

उत्तर आपल्या डाळींच्या डब्यांत आहे. तूर शिजली की घोटली जाते, हरभऱ्याची डाळ मऊ होऊनही दाणा सोडत नाही. सफरचंदांचंही तसंच. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन उष्णतेनं विरघळतं. ब्रॅमलीत हा सांधा इतक्या सहज सुटतो की बघता बघता फोड कापसासारखी फुलून विस्कटते. 

ब्रॅमलीत मॅलिक आम्ल भरपूर, म्हणून त्याची फोड विरघळते, असं ठरलेलं स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळतं. मला ते अपुरं वाटतं. मग आंबट ग्रॅनी स्मिथ आकार का धरून राहतं? आणि चिंच आधी पडली तर डाळ शिजत नाही, हे कुठल्याही आजीला ठाऊक आहे. पेशीभित्तिकांची घडण, त्यांतलं कॅल्शियम, हेही हिशोबात धरायला हवं.

मला मात्र या फळाच्या नावाचाच जास्त राग येतो. 1809 मध्ये इंग्लंडातल्या साउथवेल गावी मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीनं काही बिया पेरल्या. सफरचंदाची बी म्हणजे आंब्याची कोय. हापूसची लावली म्हणून हापूसच येईल असं नाही. एका रोपात गुणसूत्रांचा तिसरा संच आला, 34 च्या जागी 51, आणि झाड दांडगं झालं. पुढे मेरी ॲन लग्न होऊन गेली, घर मॅथ्यू ब्रॅमली या खाटकानं विकत घेतलं. 1856 मध्ये सतरा वर्षांच्या हेन्री मेरीवेदरनं रोपवाटिकेसाठी झाडाच्या काड्या मागितल्या. खाटकानं दिल्या, पण अट घातली: फळाला नाव माझं हवं.

मूळ झाड 1900 च्या वादळात आडवं झालं, पण पडल्यापडल्या मुळं धरून पुन्हा वाढलं. आजचं प्रत्येक ब्रॅमली त्याच झाडाच्या कलमांचं, म्हणजे मेरी ॲनच्याच त्या एका बीचं. मेरीवेदरच्या वहीतली पहिली विक्री 1862 ची आहे: तीन ब्रॅमली, दोन शिलिंग. तोवर मेरी ॲन हयात नव्हती.