किशोरींची मासिके आणि एकाकी वाचिका

बालपण मागे पडले आहे आणि प्रौढपणाचा अधिकार अद्याप हाती आलेला नाही, अशा तेरा ते अठरा वर्षांच्या मुलीशी मोठी माणसे तिच्या बरोबरीने क्वचितच बोलतात. घरात तिला सूचना मिळतात, शाळेत धडे मिळतात, शेजारीपाजारी तिच्या वागण्यावर नजर ठेवतात. परंतु जे प्रश्न तिला रात्री झोपू देत नाहीत ते ऐकून घेण्यास बहुधा कोणालाच सवड नसते. या रिकाम्या जागी विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, एक छापील मैत्रीण येऊन बसली. या मैत्रिणीने मुलींचे हित केले की अहित, या वादात शिरण्यापूर्वी तिचा निर्वाह कोणाच्या पैशावर चालत होता हे पाहिले पाहिजे.

मुलींसाठी नियतकालिके त्यापूर्वी नव्हती असे नाही. लंडनच्या ‘रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी’ने 1880 साली ‘द गर्ल्स ओन पेपर’ सुरू केले होते, आणि धर्मनीती, गृहकृत्ये व सद्वाचन यांची शिदोरी ते वाचकांना दर आठवड्याला पुरवीत असे. परंतु किशोरवयीन मुलगी ही स्वतःच्या रुचीची आणि स्वतःच्या खर्चाची मुखत्यार आहे, ही कल्पना उघडपणे पायाशी घेऊन निघालेले मासिक म्हणजे अमेरिकेतील ‘सेव्हन्टीन’. वॉल्टर अ‍ॅनेनबर्ग यांच्या प्रकाशनसंस्थेजवळ ‘स्टारडम’ नावाचे, चित्रपटतारकांच्या गप्पांवर चाललेले एक मासिक होते. त्याचे नूतनीकरण करण्याचा विचार निघाला तेव्हा हेलन व्हॅलेंटाइन या अनुभवी बाईंनी, हायस्कुलातल्या मुलींसाठी सर्वस्वी नवे मासिक काढावे असा आग्रह धरला. सप्टेंबर 1944 मध्ये, महायुद्ध अद्याप चालू असता, पहिला अंक निघाला आणि त्याच्या चार लाख प्रती बघता बघता संपल्या.

व्हॅलेंटाइनबाईंच्या हेतूविषयी मला मनापासून आदर वाटतो. वेशभूषा आणि केशरचना यांच्या बरोबरीने पुस्तके, युद्ध, लोकशाही आणि नागरिकाची कर्तव्ये यांवर त्या मुलींशी बोलत, आणि आपली वाचक विचार करू शकते हे गृहीत धरून बोलत. मुलींचे स्वतःचे लेखन छापण्याची परंपराही या मासिकाने राखली. ऑगस्ट 1950 च्या अंकात सतरा वर्षांच्या एका मुलीची कथा प्रसिद्ध झाली. याच मासिकाकडून अनेकदा साभार परत आल्यानंतरही तिने लिहिणे सोडले नव्हते. पुढे आंग्ल काव्यात ज्यांचे नाव कायमचे कोरले गेले त्या सिल्व्हिया प्लाथ याच.

परंतु त्याच कचेरीत, त्याच वर्षांत, दुसरा एक कारभार चालला होता. जाहिरातखात्याच्या एस्टेल एलिस यांनी कारखानदारांना व दुकानदारांना आपल्या वाचकांची ओळख करून देण्यासाठी ‘टीना’ नावाची एक काल्पनिक मुलगी उभी केली, आणि खऱ्या मुलींची व त्यांच्या आयांची रीतसर पाहणी करवून तिच्या आवडीनिवडींचा, तिच्या हातखर्चाचा, तिच्या खरेदीचा सारा हिशेब व्यापाऱ्यांपुढे मांडला. टीनाजवळ तिचे स्वतःचे पैसे आहेत. ते अपुरे पडले तर आईवडील पुरे करतील. आणि मासिकात पाहिलेली वस्तू तिच्या मनात भरली की ती नकार ऐकून घेणार नाही, असा त्या प्रचाराचा आशय होता. म्हणजे ज्या अंकाने मुलीला सांगितले की तुला स्वतंत्र व्यक्तित्व आहे, त्याच अंकाच्या मालकांनी ते व्यक्तित्व तिच्या पाठीमागे गिऱ्हाईक म्हणून बाजारात मांडले. या उद्योगाची सारी पुढची वाटचाल या दुहेरी जन्मातून समजते, असे माझे मत आहे. कारण मुलगी आहे तशी समाधानी राहिली, तर तिला विकण्यासारखे फारसे काही उरत नाही.

ब्रिटनमध्ये हेच स्थान ‘जॅकी’ या साप्ताहिकाने मिळविले. स्कॉटलंडमधील डंडी येथील डी. सी. थॉमसन या संस्थेने ते जानेवारी 1964 मध्ये सुरू केले, आणि 1993 पर्यंत ते चालले. ऐन भरात असताना, सत्तरीच्या दशकात, त्याचा आठवड्याचा खप सहा लाखांच्या घरात गेला होता. प्रेमाच्या चित्रकथा, गायकांची मोठाली छायाचित्रे, प्रसाधनाच्या युक्त्या आणि वाचकांची पत्रे असा त्याचा सरंजाम असे. बर्मिंगहॅमच्या संस्कृती-अभ्यास केंद्रातील अँजेला मॅकरॉबी यांनी 1978 मध्ये या साप्ताहिकाचे जे विवेचन केले, ते आजही मूलभूत मानले जाते. चित्रकथांतली मुलगी नेहमी एकटी असते, दुसरी मुलगी तिची सखी असण्यापेक्षा प्रतिस्पर्धी असते, आणि तिच्या सर्व उद्योगांचे पर्यवसान एका तरुणाच्या स्वीकृतीत होते, हे त्यांनी दाखवून दिले. वाचणाऱ्या मुली हे सारे निमूटपणे गिळतात असे आपण अधिक गृहीत धरले, आणि काळाबरोबर ही मासिकेही बदलली, हे मॅकरॉबी यांनी स्वतःच पुढे मान्य केले. परंतु कथेतील एकटेपणाविषयीचे त्यांचे निरीक्षण मला अचूक वाटते, कारण पुढे प्रत्यक्ष वाचकांच्या बाबतीतही नेमका हाच मुद्दा वर आला.

‘जॅकी’चे सर्वांत वाचनीय, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत उपकारक, पान मात्र निराळेच होते. ‘कॅथी आणि क्लेअर’ या टोपणनावांखाली संपादकवर्गातील मंडळी वाचकांच्या अडचणींना उत्तरे देत, आणि दर आठवड्याला शेकडो पत्रे त्या दप्तरात येऊन पडत. थॉमसन ही सोवळ्या वृत्तीची संस्था असल्यामुळे शरीराविषयीचे प्रश्न बराच काळ त्या पानाच्या हद्दीबाहेर राहिले. 1974 नंतर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याचे सदर सुरू झाले आणि ज्या गोष्टी आईला विचारवत नव्हत्या त्या मुलींना विचारता येऊ लागल्या. कॅनडातील समाजशास्त्रज्ञ डॉन करी यांनी किशोरींशी प्रत्यक्ष बोलून 1999 मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यातही मुलींचे मन सर्वांत जास्त रमते ते सल्ल्याच्या आणि प्रश्नोत्तरांच्या पानांत, असेच आढळले. माझ्यासारखीच दुसरी कोणी आहे, मी विकृत नाही, हा दिलासा लहान नव्हे. त्याच पानावर मुलगी स्वतःची तुलना करण्यासही शिकते हे खरे. परंतु ज्या घरात कोणी उत्तर देत नाही त्या घरातल्या मुलीला ते पान नाकारणे मला तरी क्रूरपणाचे वाटते.

उत्तर किती खरे द्यावे, याचा निर्णय मात्र केवळ संपादकाच्या हाती नसे. 1988 साली अमेरिकेत जेन प्रॅट या अवघ्या पंचविशीच्या आतल्या संपादिकेच्या नेतृत्वाखाली, ऑस्ट्रेलियातील ‘डॉली’ या मासिकाच्या धर्तीवर, ‘सॅसी’ निघाले आणि स्त्रीपुरुषसंबंधांविषयी त्याने आडपडदा न ठेवता माहिती दिली. धार्मिक संघटनांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. तिचा रोख वाचकांपेक्षा जाहिरातदारांवर होता, आणि ते एकामागून एक मागे सरू लागताच मासिकाला तो मजकूर आवरता घ्यावा लागला. 1996 मध्ये ‘सॅसी’ संपले.

आता अपायाविषयी. वैद्यकीय नियतकालिक ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये 1999 साली प्रसिद्ध झालेल्या, अ‍ॅलिसन फील्ड आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत पाचवी ते बारावीतील 548 मुलींना विचारले होते. आदर्श बांध्याविषयीची आपली कल्पना मासिकांतील चित्रांवरून बनते असे 69 टक्के मुलींनी सांगितले, आणि त्या चित्रांमुळे वजन उतरवावेसे वाटते असे 47 टक्के मुलींनी. अर्थात अशा कबुलीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. जी मुलगी आधीच असंतुष्ट आहे तीच ही चित्रे अधिक पाहत असेल. म्हणून एरिक स्टाइस व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी 219 किशोरींपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या काहींना ‘सेव्हन्टीन’ची पंधरा महिन्यांची वर्गणी भरून दिली, बाकीच्यांना दिली नाही, आणि दोन्ही गटांचे निरीक्षण केले. सरसकट पाहता दोन्ही गटांत फरक पडला नाही. परंतु ज्या मुलींना घरच्यांचा वा मैत्रिणींचा आधार कमी होता, ज्या मुळातच स्वतःच्या शरीराविषयी असमाधानी होत्या, त्यांच्यापैकी मासिक घरी येत असलेल्या मुलींची अवस्था ढासळली. खाण्यापिण्याच्या विकृतींची लक्षणेही वाढली. ज्या एकाकी मुलीला या मैत्रिणीची सर्वांत अधिक गरज होती, तिलाच ती सर्वांत अधिक जाचली.

2012 साली मेन या अमेरिकी राज्यातील चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीने, दरमहा निदान एक तरी छायाचित्रमाला फेरफार न केलेली छापावी, असा अर्ज ‘सेव्हन्टीन’कडे केला आणि त्यावर ऐंशी हजारांहून अधिक सह्या मिळविल्या. संपादिकेने तिला बोलावून तिचे म्हणणे ऐकून घेतले, आणि मुलींच्या चेहऱ्याचा व शरीराचा आकार आम्ही कधीही बदलणार नाही, असा जाहीरनामा मासिकाने प्रसिद्ध केला. त्यानंतर ‘सेव्हन्टीन’च्या छापील अंकांची संख्या कमी कमी होत गेली, आणि 2018 नंतर त्याचा बहुतेक संसार पडद्यावर गेला. आज अमेरिकेतल्या मुलीप्रमाणेच लातूरच्या किंवा मडगावच्या मुलीलाही तशी फेरफार केलेली चित्रे हातातल्या फोनवर दिवसभर दिसतात, आणि त्यांतली पुष्कळशी तिच्या वर्गमैत्रिणींनी किंवा तिने स्वतः, फिल्टर लावून, गाल आणि कंबर बारीक करून पाठविलेली असतात. मेनच्या त्या मुलीला अर्ज धाडण्यासाठी एक संपादिका होती, एक कचेरी होती आणि त्या कचेरीचा पत्ता होता. फोन पाहणाऱ्या मुलीने तो कोणाकडे धाडावा, याची तजवीज अद्याप कोणीही केलेली नाही.