वेशभूषा : पात्राच्या वाचनाची एक पद्धती



नाटकाच्या संहितेचा अभ्यास करताना आपण संवाद, कथानक आणि संघर्ष यांकडे लक्ष देतो. पात्राने काय नेसले आहे, हा प्रश्न मात्र ‘कपडेपटवाल्याचा’ म्हणून सोडून देतो. भरतमुनींनी असे केले नव्हते. नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. वेश, अलंकार आणि रंगभूषा यांचा समावेश त्यांपैकी आहार्य अभिनयात होतो. म्हणजे वेशभूषा ही अभिनयाभोवतीची सजावट नसून तो अभिनयाचाच एक प्रकार आहे. पात्र तोंड उघडण्यापूर्वीच प्रेक्षकाला त्याचे वय, व्यवसाय, प्रदेश, आर्थिक स्थिती आणि काळ यांविषयी काहीतरी कळलेले असते. ते चुकीचे कळले तर पुढचे संवाद कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही.

प्रस्तुत लेखकाला हे पुस्तकातून कळले नाही. काही वर्षांपूर्वी देगलूर परिसरात एका एकांकिकेचे दिग्दर्शन करताना शहरातून भाड्याने ‘ग्रामीण’ कपड्यांची पेटी मागवली होती. नायिका शेतमजूर होती. पडदा उघडला तेव्हा ती हिरवीगार कोरी नऊवारी, नाकात नथ आणि केसांत गजरा अशा थाटात कापूस वेचत होती. पुढच्या रांगेतील एक वृद्ध बाई शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, “ही कापूस येचायलीय का लग्नाला चाललीय?” सभागृह हसले आणि शोकांतिका तेथेच संपली. आपल्याकडे कापूस वेचणारी बाई साडीवर घरातील पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते, डोक्याला कापड बांधते आणि वेचलेला कापूस ठेवण्यासाठी पोटाशी फडक्याची झोळी करते. सदऱ्यामुळे हात ओरखडत नाहीत, ऊन लागत नाही. हा वेश कोणत्याही भाड्याच्या पेटीत मिळत नाही, पण रस्त्याच्या कडेला उभे राहिले तर दहा मिनिटांत दिसतो. तो न पाहणे ही माझी चूक होती.

वेश कथानकालाच कसा वळण देतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ (1911). श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे वनमाला या साध्या मुलीच्या वेशात त्याच्या सहवासात येते. दुसरीकडे लक्ष्मीधर हा दागिन्यांनी मढलेला भित्रा आहे. या नाटकात दागिने आणि साधेपणा हीच संघर्षाची भाषा आहे; वेश वगळला तर नाटक उरतच नाही. भामिनीची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचे शालू आणि साडी नेसण्याची त्यांची ढब इतकी लोकप्रिय झाली की घरंदाज स्त्रिया त्यांचे अनुकरण करू लागल्या. पुरुष नटाने घडवलेले स्त्रीरूप स्त्रियांनी उचलावे, हा आपल्या रंगभूमीच्या इतिहासातील विलक्षण प्रसंग आहे. त्या भरजरी कपड्यांवरील खर्चाने मंडळीला कर्जाच्या खाईत लोटण्यास हातभार लावला, हेही विसरू नये.

चित्रपटात हे काम अधिक कठोर होते. नाट्यगृहातील दहाव्या रांगेतून रंग आणि बाह्यरेषा दिसतात. कॅमेरा मात्र उसवलेला टाकाही टिपतो. या क्षेत्रातील सर्वांत मोठे मराठी नाव भानू अथय्या यांचे. त्यांचा जन्म 1929 मध्ये कोल्हापुरात, चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या घरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेऊन त्यांनी आरंभी नियतकालिकांसाठी वेशचित्रे काढली आणि नंतर त्या चित्रपटांकडे वळल्या. ‘आम्रपाली’ (1966) साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. शिवणकामापेक्षा वस्त्र गुंडाळण्याला महत्त्व असलेल्या काळाचे रूप त्यांना मराठवाड्यातीलच लेण्यांत सापडले, ही आपल्यासाठी आस्थेची गोष्ट होय.

रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (1982) या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाला. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. या चित्रपटातील वेशभूषेची अडचण समजून घ्या. गांधीजींच्या आयुष्यात कपडे हाच एक राजकीय प्रवास आहे : 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत उतरलेला सुटातील बॅरिस्टर, 1915 मध्ये काठियावाडी वेशात परतलेला कार्यकर्ता आणि सप्टेंबर 1921 मध्ये मदुरेत पंचाचा निर्णय घेणारा नेता. नायकाचे कपडे एक वेळ सोपे; कठीण असतो तो भोवतालचा जमाव. गांधी टोपी रूढ झाली ती 1920 च्या आसपास. 1915 च्या जमावात ती पांढरी टोपी दिसली तर इतिहास पाच वर्षांनी पुढे सरकतो आणि बहुतेक प्रेक्षकांच्या ते लक्षातही येत नाही. न लक्षात येणाऱ्या चुका टाळणे, हेच या कलेतील निम्मे कष्ट आहेत.

आता आपल्या गावाकडे वळू. दरवर्षी 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, शाळा-महाविद्यालयांत हैदराबाद संस्थानावरील नाटिका होतात. त्यांत बहुधा सर्व हिंदू पात्रे धोतर-टोपीत आणि सर्व मुस्लिम पात्रे शेरवानी व रुमी टोपीत दाखवली जातात. हे सोयीचे आहे, पण खरे नाही. देगलूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि शेरवानी हा त्या राज्यातील दरबाराचा, कचेरीचा व शिकलेल्या वर्गाचा पोशाख होता. हिंदू वकील आणि अधिकारीही ती घालत. उलट खेड्यातील गरीब मुस्लिम शेतकऱ्याच्या अंगावर शेरवानी कोठून येणार? वेश धर्मानुसार वाटून दिला की नाटिकेने एक अक्षरही न उच्चारता शेजाऱ्याविषयी खोटे सांगितलेले असते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या गावात या खोट्याची किंमत अधिक असते.

स्वाध्याय म्हणून पुढील कृती करा. देगलूरजवळच्या होट्टल येथील चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराला भेट द्या. बाह्यभिंतींवरील स्त्रीमूर्तींपैकी कोणतीही एक निवडून तिची केशरचना, कटिवस्त्र, मेखला आणि हातांतील वस्तू यांची नोंद करा. नंतर आठवडी बाजारात जाऊन तितक्याच बारकाईने एका विक्रेत्या स्त्रीच्या वेशाची नोंद करा. तिची अनुमती घ्यावयास विसरू नका. पदर कोठे खोचला आहे, पैसे कोठे ठेवले आहेत, चप्पल कोणत्या बाजूने झिजली आहे, हे लिहा. दोन्ही नोंदी समोर ठेवून आपल्या अभ्यासक्रमातील एखाद्या नाटकातील एका स्त्रीपात्राची वेशभूषा सुमारे 200 शब्दांत सुचवा आणि प्रत्येक कपड्यापुढे तो सुचवण्याचे संहितेतील कारण नमूद करा. ज्या कपड्याला कारण सापडणार नाही, तो यादीतून काढून टाका.