पावसातला किनारा, कॅरॅव्हॅन आणि कुत्रा

नवी मुंबईतून कॅरॅव्हॅनने कोकणात उतरायचं तर सुरुवात पळस्पे फाट्यापासून. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहून थेट दक्षिणेला जातो, पण समुद्राच्या सोबतीने जायचं असेल तर तो वडखळला सोडून अलिबागकडे वळावं लागतं. मग रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, मुरूड, आगरदांडा. खाडीपलीकडे दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेसवी, पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. दाभोळहून धोपावे, गुहागर, हेदवी, आणि तवसाळहून जयगड, गणपतीपुळे.

या वाटेला सतत आडव्या येतात त्या खाड्या. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना किनारा कापतात आणि कॅरॅव्हॅनला फेरीबोटीत चढावं लागतं. पावसाळ्यात वारा आणि पाण्याची ओढ वाढली की बोट थांबते. अशा वेळी दाभोळहून गुहागर गाठायला दापोली, खेड, चिपळूण असा मोठा वळसा पडतो. म्हणून निघण्यापूर्वी धक्क्यावर फोन करून बोट चालू आहे का, आपल्या लांबी-उंचीची गाडी घेतात का, हे विचारून घ्यावं. ओहोटीला धक्क्याचा शेवाळलेला उतार उघडा पडतो आणि लांब गाडीची मागची बाजू तिथे घासू शकते. शक्यतो पाणी चढलेलं असताना पार व्हावं.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. द्वादशीला नऊच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि ओहोटीला तितकंच खाली जातं. मुक्कामाची जागा ठरवतानाही हा हिशेब मांडावा. पुळणीवर गाडी नेण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. ओल्या वाळूत चाक रुतलं की जड गाडी स्वतःहून निघत नाही आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

रात्रीसाठी उत्तम जागा म्हणजे घरमालकाची परवानगी घेऊन वापरलेलं टणक, जांभ्याचं अंगण किंवा रिसॉर्टचं आवार. माडाखाली गाडी लावू नये, वाऱ्यात नारळ आणि झावळ्या पडतात. डोंगरउताराच्या पायथ्याशी आणि ओढ्याकाठीही नको. जुलै २०२१ मधली तळियेची दरड आणि चिपळूणचा पूर आठवला की हे वेगळं सांगावं लागत नाही. नागाव, आंजर्ले अशा गावांतले वाड्यांमधले रस्ते अरुंद असतात, वर फांद्या आणि तारा. उंच गाडी आत घालण्यापूर्वी एकाने उतरून पुढचा रस्ता चालत पाहून यावा. अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोहोचणं हा या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा नियम.

कुत्र्याचा विचार इथेच सुरू होतो. कुत्रा अंग थंड करतो तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करून. कोकणातल्या दमट हवेत ही वाफ नीट होत नाही, त्यामुळे ढगाळ दिवशीही बंद गाडीत त्याला त्रास होतो. पाऊस आत येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावून त्याला एकटं ठेवणं धोक्याचं आहे. जाळी लावलेली खिडकी आणि छताचा पंखा चालू हवा. जनरेटर लावलाच तर तो गाडीबाहेर, धूर आत येणार नाही असा. सौर पॅनेलवर भर पावसात फारशी वीज मिळत नाही, म्हणून बॅटरी चालत्या इंजिनवर भरून घेण्याची सोय लागते.

फिरवताना पट्टा सोडू नये. प्रत्येक वाडीत गावची कुत्री आपली हद्द राखून असतात, आणि कातळसड्यावर, गवतात फुरसं असू शकतं. मातकट रंगाचा हा छोटा विषारी साप रत्नागिरी भागात बराच आढळतो. भिजलेल्या विजेच्या खांबाजवळ तर कुत्र्याला मुळीच नेऊ नये. गळती असेल तर ओल्या पायांनी उभ्या असलेल्या जनावराला झटका बसतो. फणसाड, कर्नाळा ही अभयारण्यं वाटेवर आहेत. तिथल्या वन्यप्राण्यांना रोग लागू नये म्हणून पाळीव कुत्रा आत नेऊ नये.

साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो उंदरांच्या लघवीतून पसरतो आणि माणसालाही होतो. रेबीज आणि लेप्टोची लस निघण्याआधी वेळेवर दिलेली हवी, पिण्याचं पाणी सोबतचंच. दर फेरीनंतर पंजे, बोटांमधली जागा आणि कानांच्या आतली बाजू पुसून कोरडी करावी; ओल राहिली की बुरशी धरते. टॉवेल जितके वाटतात त्याहून दुप्पट न्यावेत, कारण या हवेत काहीच वाळत नाही.

काळ निवडायचा तर जूनअखेर आणि जुलै टाळणं शहाणपणाचं. ऑगस्टअखेरीस, नारळी पौर्णिमेनंतर, पावसाचा जोर ओसरू लागतो, सड्यांवर फुलं येतात आणि बोटींचा भरवसा वाढतो. फक्त गणपतीच्या दिवसांत महामार्ग तुंबतो, तेवढे दिवस वगळावेत.

घरी परतल्यावर गोचिडांसाठी कुत्र्याचं अंग बोटांनी चाचपावं, विशेषतः कानामागे, मानेखाली आणि जांघेत. गोचीड ताप लगेच दिसत नाही. पुढचे दोन-तीन आठवडे त्याने खाणं टाकलं, मरगळला किंवा हिरड्या फिकट दिसल्या तर पशुवैद्याला कोकण प्रवासाची माहिती देऊन रक्ततपासणी करून घ्यावी.