जुन्या गाडीची वॉरंटी : इंजिन खोलण्याआधी काय करायचं

भद्रावतीत सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की आपण चंद्रपूर पाहतो, नाहीतर थेट नागपूर गाठतो. एमएच-34 ची गाडी म्हणजे खाणीच्या धुळीत फिरलेली असणार, असं आपणच एकमेकांना सांगतो आणि नागपूरची गाडी मात्र डोळे झाकून घेतो!

समजा, तिथल्या एका डीलरकडून सव्वातीन लाखांची गाडी घेतली. कागदावर लिहिलंय, इंजिन आणि गिअरबॉक्सला 6 महिने वॉरंटी. दुसऱ्याच महिन्यात वरोऱ्याजवळ गाडी तापून बंद पडली. डीलरला फोन केला, तर "पाहतो भाऊ, उद्या सांगतो." असे आठ दिवस गेले. घरी पेशंट, गाडीशिवाय चालत नाही. म्हणून गावातल्या मेकॅनिकनं हेड खोललं, गॅस्केट बदललं. आता डीलर म्हणतो, "बाहेर इंजिन खोललं ना, मग वॉरंटी संपली."

आम्हाला वाटतं, सगळं भांडण या एका वाक्यावर अडतं. आणि डीलरचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. बऱ्याच वॉरंटीत तशी अट असते. शिवाय आयोगासमोर दोष दाखवायचा कशावरून? दुरुस्ती झाली की पुरावाही त्याच दिवशी गेला. म्हणून इंजिनला हात लावण्याआधी डीलरला लेखी कळवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह, आणि तोच मजकूर स्पीड पोस्टानं. गाडी अमुक दिवशी बंद पडली, इतके किलोमीटर झाले होते, सात दिवसांत येऊन पाहा, नाहीतर दुरुस्ती करून खर्च तुमच्याकडून मागू. मग शक्यतो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर नेऊन दोष काय आणि कशामुळे, हे जॉब कार्डवर लिहून घ्यायचं. तिथेच गाडीच्या नंबरवरून जुन्या सर्व्हिसिंगची नोंदही विचारा. तीन वर्षांपूर्वी 90,000 किलोमीटर आणि आज मीटरवर 60,000, असं निघालं तर प्रकरणच बदलतं.

आता कायदा. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. पुरेशी तपासणी न करता वस्तूच्या टिकाऊपणाची हमी देणं, ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. आणि तपासणी केली होती असं डीलर म्हणाला, तर ते सिद्ध करणं त्याच्याच गळ्यात! पावती न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. वॉरंटीचं पुस्तक तिसऱ्याच कंपनीचं असेल, तर डीलर तिच्याकडे बोट दाखवतो. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करा.

आणखी एक बदल आपल्या फार कामाचा आहे. 1986 च्या कायद्यात डीलर जिथला किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे तक्रार करावी लागायची, म्हणजे नागपूरच्या चकरा. आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे चंद्रपूरच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही डीलर तेवढ्यावर बोलायला येतात. मात्र मुदत 2 वर्षांची. "पाहतो भाऊ" ऐकत ती घालवू नका.

खाणीवर गाडी भाड्यानं लावणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. व्यापारी हेतूनं घेतलेल्या गाडीचा मालक ग्राहक ठरत नाही. पण एकच गाडी, स्वतः चालवतो, त्यावरच घर चालतं, तर तो ग्राहक आहे. हे तक्रारीत स्पष्ट लिहा, नाहीतर डीलरचा वकील पहिल्याच तारखेला तोच मुद्दा काढेल.

आणि ज्यांनी आधीच हेड खोललं, त्यांनी काय करायचं? मेकॅनिककडून तारखेचं पक्कं बिल घ्या, काय खराब होतं ते त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या, आणि जुनं गॅस्केट भंगारात जायच्या आत मागून आणा.