सर्व्हरची निगा आणि अद्ययावतीकरणाची शिस्त

नागपूर शहराच्या पूर्व भागातील लकडगंज हा विभाग इमारती लाकडाच्या व्यापारासाठी विदर्भात सुपरिचित आहे. शेजारीच इतवारीची घाऊक बाजारपेठ आहे. नागपूर महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी आठव्या क्रमांकाचा झोन लकडगंजच्याच नावाने ओळखला जातो आणि याच नावाचे पोलीस ठाणेही आहे. एकेकाळी या भागातील व्यवहारांची स्मृती जाड कापडी बांधणीच्या नोंदवह्यांत असे. झोन कार्यालयातील कराची मागणी-वही, ठाण्यातील गुन्हे नोंदवही आणि वखारीतील खतावणी ही तिची तीन रूपे होती.

आज या तिन्हींचे स्थान संगणकाने घेतले आहे. कराची पावती संगणकावर निघते. केंद्र शासनाने २००९ मध्ये मंजूर केलेल्या 'सीसीटीएनएस' योजनेमुळे पोलीस ठाण्यातील खबरी अहवाल देशव्यापी जाळ्यात नोंदवला जातो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर व्यापाऱ्याची विवरणपत्रेही संगणकामार्फतच सादर होतात. त्यामुळे खिडकीवरील नागरिकाला “सर्व्हर बंद आहे” असे उत्तर मिळते तेव्हा कार्यालयाची संपूर्ण नोंदवहीच त्या क्षणी कपाटबंद झालेली असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. या मुदतीतील दिवस सर्व्हरच्या दुरवस्थेपायी वाया जाऊ नयेत, यासाठी त्याची निगा कशी राखावी लागते हे अधिकारी व लोकप्रतिनिधी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

सर्व्हर आणि कार्यप्रणाली

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरविणारा संगणक. खिडकीवरील लिपिकासमोरचा संगणक केवळ मागणी नोंदवतो. नोंद शोधणे, तपासणे व जतन करणे ही कामे सर्व्हर करतो. मोठ्या कार्यालयात कामांनुसार अनेक सर्व्हर असतात. एकात माहितीसाठा असतो, दुसऱ्यावर करआकारणीची आज्ञावली चालते आणि तिसऱ्यात कोणत्या कर्मचाऱ्यास काय पाहण्याचा व बदलण्याचा अधिकार आहे याची सूची असते. ही अधिकारसूची ठेवणारा सर्व्हर नाहीसा झाला, तर बाकीचे सुस्थितीत असूनही कोणाला प्रवेश द्यावयाचा हे यंत्रणेला कळत नाही.

या प्रत्येक यंत्रावर एक कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, असते. विंडोज व लिनक्स ही त्यांतील सर्वपरिचित नावे होत. यंत्राचे भाग आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावली यांच्यामध्ये राहून कामाची वाटणी करणे हे तिचे कार्य. कार्यप्रणाली कोट्यवधी ओळींची असते. इतक्या विस्तृत लेखनात काही दोष राहून जाणे अटळ असते व ते वापरात आल्यानंतर वर्षानुवर्षे सापडत राहतात. दोष सापडला की निर्माता त्यावर दुरुस्ती प्रसृत करतो. ही दुरुस्ती यंत्रावर चढविणे म्हणजेच अद्ययावतीकरण.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. दुरुस्ती जाहीर होताच दोष कोठे होता हेही जाहीर होते. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची प्रणाली ताडून पाहणाऱ्या जाणकाराला मूळ छिद्र शोधून काढता येते. म्हणून दुरुस्ती निघाल्यापासून ती न चढविलेले यंत्र पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होते. विलंबाची खरी किंमत येथे आहे.

दोन महिन्यांचा विलंब

२०१७ मधील एक घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. विंडोज प्रणालीतील फायलींच्या देवाणघेवाणीच्या भागात असलेल्या दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती प्रसृत केली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाची आज्ञावली याच दोषाचा आधार घेऊन जगभर पसरली. ती संगणकातील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागत असे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक तिने ग्रासले. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० न्यासांचे कामकाज विस्कळीत झाले व रुग्णांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज तेथील लेखापरीक्षण कार्यालयाने आपल्या अहवालात नोंदविला. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांच्या संगणकांना फटका बसला. महाराष्ट्र पोलिसांच्या यंत्रणेलाही अंशतः झळ पोहोचल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते.

औषध दोन महिने उपलब्ध होते, परंतु ते घेतले गेले नव्हते. याची कारणे केवळ आळसाची नसतात. दुरुस्ती चढविल्यावर यंत्र बहुधा बंद करून पुन्हा सुरू करावे लागते व तेवढा काळ सेवा थांबते. जुनी आज्ञावली किंवा जुना छपाईयंत्र नव्या दुरुस्तीनंतर चालेल की नाही याची धास्ती असते. मराठी कार्यालयांत जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडबाह्य असल्याने, बदल केल्यास तो वाचता येणार नाही ही भीतीही असते. या सर्वांपेक्षा मोठे कारण म्हणजे हे काम नेमके कोणाचे, हे अनेक ठिकाणी कागदावर ठरलेलेच नसते.

घाईचेही धोके

तथापि मिळेल ती दुरुस्ती तत्क्षणी सर्वत्र चढवावी, हाही मार्ग निर्धोक नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाची विध्वंसक आज्ञावली पसरली. तिचा उगम युक्रेनमधील एका हिशेबविषयक आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणाच्या मार्गातच होता. हल्लेखोरांनी तो मार्ग ताब्यात घेऊन अधिकृत दुरुस्तीच्या वेष्टनातून विष पाठविले. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या ताब्यातील एका टर्मिनलचे संगणकीय कामकाज त्यामुळे ठप्प झाले व कंटेनरांची हाताळणी हाती नोंदींवर आली. ही आज्ञावली संगणकातील गुप्तशब्द चोरून पुढे सरकत असल्याने अद्ययावत केलेली यंत्रेही तिच्या तडाख्यात सापडली. प्रत्येक कर्मचाऱ्यास सर्वाधिकार देण्याची प्रथा किती महाग पडते, याचा हा धडा होता.

१९ जुलै २०२४ रोजी याहून निराळा प्रकार घडला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी पाठविलेली एक सदोष फाईल मिळताच विंडोजवरील संगणक कोसळू लागले. ७८ मिनिटांत ती फाईल मागे घेण्यात आली, परंतु तोवर सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली होती. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. चूक दूरस्थपणे क्षणात पसरली, परंतु ती निस्तरण्यासाठी असंख्य यंत्रांपाशी प्रत्यक्ष जाऊन एकेक यंत्र सुरू करावे लागले. आधी काही थोड्या यंत्रांवर चाचणी घेऊन मग पुढे जावे, हा साधा नियम पाळला गेला असता तर हानी मर्यादित राहिली असती.

कार्यपद्धती कशी असावी

विलंब आणि घाई या दोहोंतून मार्ग काढण्यासाठी सर्व्हर-व्यवस्थापनात काही पायऱ्या सर्वमान्य झाल्या आहेत.

पहिली पायरी यादीची. कार्यालयात किती सर्व्हर व किती संगणक आहेत, त्यांवर कोणती कार्यप्रणाली व तिची कोणती आवृत्ती आहे, याची नोंदवही हवी. जे यादीत नाही त्याची निगा राखली जात नाही.

दुसरी पायरी वेळापत्रकाची. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्यांचा संच प्रसृत करते. भारतात तो त्या मंगळवारी रात्री वा बुधवारी मिळतो. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू आहे. त्यामुळे दोन दिवस चाचणी घेऊन शनिवारी मुख्य सर्व्हरवर दुरुस्ती चढविण्याचा क्रम बसविता येतो. पोलीस ठाण्यासारख्या अहोरात्र सेवेसाठी सर्व्हरची जोडी असावी, म्हणजे एकाची दुरुस्ती चालू असता दुसरा भार उचलतो. मार्चअखेर करभरण्याच्या गर्दीत अनावश्यक बदल टाळावेत. मात्र गंभीर दोषावरील दुरुस्ती अशा वेळीही रोखू नये.

तिसरी पायरी चाचणीची. मुख्य सर्व्हरसारखेच एक यंत्र चाचणीसाठी राखून ठेवावे. दुरुस्ती प्रथम त्यावर, नंतर काही मोजक्या संगणकांवर व शेवटी सर्वत्र चढवावी. दुरुस्तीनंतर एक पावती काढून, एक दाखला छापून व एक जुनी नोंद उघडून पाहावी. बिघाड आढळल्यास पूर्वस्थितीला परतण्याची पद्धत आधीच लिहून ठेवावी.

चौथी पायरी वाटपाची. पन्नास संगणकांनी तीच दुरुस्ती स्वतंत्रपणे मागविल्यास इंटरनेटची वाहिनी तुंबते. त्याऐवजी एका सर्व्हरने ती एकदाच घ्यावी व कार्यालयातील इतरांना पुरवावी. लिनक्सवर अधिकृत भांडारातून, अंकीय स्वाक्षरी पडताळून, दुरुस्ती घेण्याची सोय असते. पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेची 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली आहे.

नागपूरसारख्या शहरात आणखी एका बाबीचे भान ठेवावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सर्व्हरच्या खोलीचे तापमान सर्वसाधारणपणे १८ ते २७ अंश सेल्सिअस असावे, असे मानक आहे. वातानुकूलन व अखंड वीजपुरवठ्याची तपासणी उन्हाळ्यापूर्वीच झाली पाहिजे. दुरुस्ती चढत असतानाच वीज गेल्यास कार्यप्रणाली अर्धवट अवस्थेत अडकू शकते.

राखीव प्रत : अखेरचा आधार

सर्व दक्षता घेऊनही संकट येऊ शकते. त्या वेळी राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, हाच आधार असतो. मर्स्क समूहाला २०१७ च्या हल्ल्यानंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. अधिकारसूची ठेवणारे त्यांचे जवळजवळ सर्व सर्व्हर नष्ट झाले होते. त्यांपैकी एकच, घाना देशातील सर्व्हर, हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे बंद होता म्हणून वाचला आणि त्यावरून सारी उभारणी झाली. एवढा मोठा उद्योग एका योगायोगाने तरला. कार्यालयांनी योगायोगावर विसंबणे परवडणारे नाही.

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला होऊन मुख्यालय व १६ प्रादेशिक कार्यालयांचे कामकाज विस्कळीत झाले. राखीव प्रती जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या असल्याने त्यांना संसर्ग झाला नाही, असे महामंडळाने जाहीर केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील पाच सर्व्हर बाधित झाले. जाळ्याची योग्य विभागणी नसणे हे त्याचे कारण असल्याचे केंद्र शासनाने संसदेत सांगितले. तेथेही अबाधित राहिलेल्या राखीव सर्व्हरवरूनच माहिती परत मिळाली.

यातून निघणारा नियम असा : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक कार्यालयाबाहेर, जाळ्यापासून अलग असावी. प्रत घेणे पुरेसे नाही. ठराविक काळाने ती प्रत्यक्ष उघडून नोंदी परत मिळतात का, हे पाहिले पाहिजे.

संपलेल्या मुदतीची यंत्रे

प्रत्येक कार्यप्रणालीला निर्मात्याचे पाठबळ ठराविक मुदतीपुरतेच असते. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज सर्व्हर २०१६ ला १२ जानेवारी २०२७ पर्यंतच पाठबळ आहे. मुदत संपलेले यंत्र पूर्वीसारखेच चालते, म्हणूनच ते फसवे असते. नवे सापडणारे दोष त्यात उघडेच राहतात. लाकडाच्या व्यापाऱ्याला हे निराळे सांगावयास नको. वाळवी लागलेली तुळई वरून अखंडच दिसते. अशी यंत्रे बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात मुदतीपूर्वी व्हावयास हवी. ते तत्काळ शक्य नसेल, तर ती इंटरनेटपासून अलग ठेवावीत.

सर्वांची जबाबदारी

सायबर संकटांसाठी २००४ पासून कार्यरत असलेल्या 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश दिले. त्यांनुसार विनिर्दिष्ट सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थेस कळविणे व यंत्रणेतील घडामोडींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे आवश्यक आहे. घटना दडवून ठेवल्याने शेजारचे कार्यालयही धोक्यात येते.

ग्रामपंचायतीत स्वतःचा सर्व्हर नसला, तरी तेथील संगणक शासनाच्या सर्व्हरशी जोडलेला असतो. पंचायत सदस्यांनी मासिक सभेत तीन प्रश्न विचारावेत : संगणकाची कार्यप्रणाली मुदतीतील आहे काय? शेवटचे अद्ययावतीकरण कधी झाले? राखीव प्रत उघडून कधी पाहिली? वार्षिक देखभालीच्या करारात केवळ यंत्राची दुरुस्ती नव्हे, तर अद्ययावतीकरणाचे कामही नमूद असावे. कार्यालयप्रमुखांनी त्यासाठी जबाबदार व्यक्ती लेखी आदेशाने नेमावी व ती रजेवर असता पर्यायी व्यक्ती कोण हेही ठरवावे. शिक्षकांनी शाळेच्या संगणककक्षात परवाना नसलेली आज्ञावली वापरू नये व संगणक पुन्हा सुरू करण्याची सूचना दररोज पुढे ढकलण्याची सवय विद्यार्थ्यांना लागू देऊ नये.

जुन्या काळी अभिलेखकक्षाचा लिपिक दर पावसाळ्यापूर्वी दप्तरे उन्हात घालून कसर झटकीत असे. त्या कामाची कोठे वाखाणणी होत नसे, परंतु त्यामुळेच पन्नास वर्षांपूर्वीची नोंद मागताच हाती लागत असे. आज दप्तराची जागा सर्व्हरने घेतली असली, तरी निगेची गरज तीच आहे. लकडगंजच्या खिडकीवर कर भरणारा नागरिक असो वा दुर्गम गावातून दाखल्यासाठी आलेला शेतकरी असो, त्याची नोंद सुरक्षित राहणे हे त्या कार्यालयाच्या महिन्यातील एका शनिवारच्या नियमित कामावर अवलंबून आहे.