रुळांमधले अंतर

कळसाडीहून नंदुरबार स्थानकावर आलात की सुरत-भुसावळ मार्गाचे रूळ दिसतात. या दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर १६७६ मिलिमीटर आहे. हा झाला ब्रॉडगेज, म्हणजे रुंदमापी मार्ग. (रुळांवर उतरून मोजायला मात्र जाऊ नका!) जळगाव जिल्ह्यातील पाचोरा-जामनेर मार्गावर २०२० पर्यंत धावणाऱ्या छोट्या गाडीसाठी हेच अंतर ७६२ मिलिमीटर होते. नेरळ-माथेरान मार्गावर तर ते अवघे ६१० मिलिमीटर आहे. मापे इतकी वेगळी का?

पहिले कारण वळणांचे. रेल्वेची समोरासमोरची दोन चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, म्हणून ती बरोबरच फिरतात. पण वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असतो. मार्ग काटकोनात वळला तर हा फरक रुळांमधल्या अंतराच्या १.५७ पट होतो. म्हणजे रुंदमापी मार्गावर सुमारे २.६३ मीटर आणि माथेरानच्या मार्गावर सुमारे ०.९६ मीटर.

हा फरक चाक कसा भरून काढते? चाकाचा घेर आतल्या कडेकडे किंचित मोठा ठेवलेला असतो. वळणावर चाकांची जोडी जराशी बाहेर सरकते. मग बाहेरचे चाक मोठ्या घेरावर आणि आतले चाक लहान घेरावर चालते. पण ही सोय थोडीच पुरते. वळण फार तीव्र असेल तर चाक घसरते, रूळ झिजतो. रूळ जवळ असले की फरक कमी पडतो आणि तीव्र वळण घेता येते. त्यामुळे १९०७ मध्ये सुरू झालेली माथेरानची गाडी डोंगराच्या कडेकडेने वर चढते.

दुसरे कारण खर्चाचे. अरुंद मार्गाला भराव कमी लागतो, रूळ हलके चालतात. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेत एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने प्रत्येक आसावरचा भार पाच टनांपर्यंत मर्यादित ठेवला आणि ७६२ मिलिमीटरच्या मार्गावर भरपूर माल वाहून दाखवला.

मग सगळीकडेच असे स्वस्त मार्ग का नकोत? याचे उत्तर कुर्डुवाडीला मिळत असे. तेथे बार्शीचा मार्ग रुंदमापी मार्गाला भेटे, पण एकीकडची वाघीण दुसरीकडे जाऊ शकत नसे. दहा टन धान्य म्हणजे ५० किलोची दोनशे पोती! प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत न्यायचे. वेळ जाई, मजुरी पडे, धान्य सांडे. बांधताना वाचवलेला पैसा असा रोज थोडा थोडा खर्च होई. म्हणूनच १९९२ पासून देशभर मार्ग रुंदमापी करण्याची मोहीम सुरू झाली. बार्शीचा मार्गही या शतकात टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाला.

रूळ रुंद म्हणजे वेग जास्त, असे मात्र समजू नका. जपान व फ्रान्समधल्या ताशी ३०० किलोमीटरहून वेगवान गाड्या १४३५ मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्यापेक्षा अरुंद मार्गावर धावतात. मुंबईची मेट्रोही याच मापाची आहे. वेगासाठी सौम्य वळणे आणि भक्कम रूळ हवेत.

आता एक गणित तुमच्यासाठी: पाचोरा-जामनेर मार्गाच्या मापाने काटकोनी वळणावर दोन रुळांच्या लांबीत किती फरक पडेल?